तंजावरचा एक दिवस : पापनाशमहून निघणाऱ्या वाचकांसाठी प्रस्तावना

महाराष्ट्रातून दक्षिणेच्या यात्रेला निघालेली मंडळी रामेश्वर, मदुराई आणि कन्याकुमारी मनात धरून येतात. तंजावर वाटेत लागते म्हणून मोठ्या देवळापाशी गाडी दोन तास थांबते, नंदीसमोर छायाचित्रे निघतात आणि प्रवास पुढे सुरू होतो. त्या घाईबद्दल यात्रेकरूंना दोष देण्याचे कारण नाही, कारण या शहरात आपल्यासाठी काय आहे हे त्यांना कोणी फारसे सांगितलेले नसते. भोसले घराण्याच्या एका शाखेने इथे जवळजवळ 180 वर्षे राज्य केले. सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्याच्या सुमारे दीड शतक आधी इथल्या दरबारात मराठी नाटके लिहिली जात होती. मोठ्या देवळाच्या आवारातील भिंतीवर कोरलेला दीर्घ मराठी शिलालेख आजही उभ्याने वाचता येतो. अशा शहराला मराठी वाचकांनी एक पूर्ण दिवस द्यावा आणि तो विचारपूर्वक आखावा, एवढीच या प्रस्तावनेची विनंती आहे.

एक दिवस पुरेल का, असे कोणी विचारले तर उत्तर मोकळेपणाने द्यायला हवे. एका दिवसात तंजावर पाहून होत नाही, पण त्याची घडण मात्र एका दिवसात कळू शकते. त्यासाठी स्थळांची यादी लांबवण्याऐवजी एक प्रश्न सोबत घेऊन हिंडावे. या राजधानीत चोळ, नायक आणि मराठे असे तीन घराण्यांचे कारभार झाले. त्यांच्या भाषा निराळ्या आणि मुळे दूरदूरच्या प्रदेशांतली. मग प्रत्येक नव्या राजाने आधीच्या राजाच्या वास्तूंचे, देवांचे आणि विद्वानांचे काय केले? हा प्रश्न मनात असेल तर देऊळ, राजवाडा आणि ग्रंथालय ही तीन वेगळी ठिकाणे उरत नाहीत. तिन्ही ठिकाणी एकच उत्तर पुन्हा पुन्हा मिळते: आधीच्यांचे राखून त्यात आपले घालावे, ही इथल्या राज्यकर्त्यांची रीत होती.

थोडा कालक्रम सोबत असावा. नवव्या शतकाच्या मध्यास विजयालय चोळाने तंजावर घेतले आणि तिथून चोळांच्या वैभवाचा काळ सुरू झाला. पहिला राजराज 985 साली गादीवर आला आणि त्याने बांधलेले राजराजेश्वराचे देऊळ, म्हणजेच आजचे बृहदीश्वर, 1010 साली पूर्ण झाले. त्याचा मुलगा राजेंद्र याने राजधानी गंगैकोंडचोळपुरमला हलवली. पुढे विजयनगरच्या छत्राखाली सोळाव्या शतकात नायकांची गादी तंजावरात स्थिर झाली. 1673 मध्ये मदुराईच्या नायकांनी तंजावरच्या नायकांचा पाडाव केला. त्यानंतरच्या गोंधळात शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी 1675-76 च्या सुमारास शहर ताब्यात घेतले. महाराजांची आणि व्यंकोजींची भेट 1677 च्या दक्षिण स्वारीत कोळ्ळिडम नदीच्या काठी झाली. 1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि इंग्रजांनी संस्थान खालसा केले. दिवसभर फिरायला एवढ्या सनावळ्या पुरेत. बाकीच्या त्या त्या जागेसमोर उभे राहून वाचल्या तर अधिक लक्षात राहतात.

आता प्रश्न येतो, दिवसाची सुरुवात पापनाशमपासून का करावी? पापनाशम हे तंजावर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, तंजावर आणि कुंभकोणम यांच्यामधल्या रेल्वेमार्गावर, तंजावरपासून सुमारे 25 किलोमीटरवर. तिकीट काढताना एक काळजी मात्र घ्यावी. तिरुनेलवेलीकडे ताम्रपर्णीच्या काठीही याच नावाचे, धबधब्यासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे, आणि ते इथून फार दूर आहे. आपल्याला हवे आहे ते कावेरीच्या फाट्यांमधले पापनाशम, भातखाचरांच्या मधोमध वसलेले.

कोणतीही राजधानी आसपासच्या शेतीवर जगते, आणि तंजावरच्या बाबतीत ही गोष्ट डोळ्यांनी पाहता येते. कावेरी इथे अनेक शाखांत फुटते आणि तिचे पाणी कालव्यांनी शिवारभर फिरते. मेट्टूर धरणातून शक्यतो 12 जूनला पाणी सोडण्याचा प्रघात आहे. त्या पाण्यावर कुरुवै, सांबा आणि ताळडी अशा भाताच्या पिकांचे वेळापत्रक बेतलेले असते. पापनाशमलगतच्या तिरुप्पालैत्तुरै येथील पालैवननाथ शिवालयाजवळ नायक काळातली विटा-चुन्याची भव्य धान्यकोठी उभी आहे. घुमटाकार माथ्याच्या त्या कोठीसमोर सकाळी दहा मिनिटे उभे राहावे. पुढे दिवसभरात जे शिल्प, जे संगीत आणि जे ग्रंथ तुम्ही पाहाल, त्यांचा खर्च कोठून आला, याचे उत्तर त्या कोठीत आहे. महाराष्ट्रातल्या कोरडवाहू मुलखातून आलेल्या भोसल्यांना ही भूमी किती वेगळी वाटली असेल, याची कल्पनाही इथेच येते.

पापनाशमला स्वतःचे महत्त्व आहेच. खर-दूषणांच्या वधानंतर रामाने इथे लिंगांची स्थापना करून पूजा केली अशी आख्यायिका आहे, आणि 108 शिवलिंगांचे रामलिंगस्वामी देऊळ त्यासाठी प्रसिद्ध आहे. कर्नाटक संगीताचे श्रोते हे नाव ओळखतात ते पापनाशम शिवन (1890–1973) या तमिळ वाग्गेयकारामुळे. याच तालुक्यातल्या मेलट्टूर गावात दरवर्षी नरसिंह जयंतीच्या सुमारास भागवत मेळा होतो. पुरुषांनीच सादर करावयाची ही तेलुगू नृत्यनाट्ये नायक आणि मराठे राजांच्या आश्रयाने वाढली. तमिळ मुलूख, मराठी राजे, तेलुगू नाटक आणि गावच्या देवळातला नरसिंह, हे सगळे एका गावात एकत्र आलेले पाहिले की तंजावरच्या संस्कृतीचा नमुना राजधानीत शिरण्याआधीच हाती लागतो.

सकाळी लवकर निघून सात-साडेसातच्या आत मोठ्या देवळात पोचावे. लवकर पोचण्याची दोन कारणे आहेत. एक, उन्हाने दगड तापला की अनवाणी पायांनी अंगण ओलांडणे कठीण होते. दुसरे, दुपारी साधारण साडेबारा ते चार या वेळात देऊळ बंद असते, त्यामुळे दिवसाचा सगळा आराखडा या वेळेभोवती बसवावा लागतो. सकाळी देऊळ, दुपारी राजवाडा आणि ग्रंथसंग्रहालय, कलत्या उन्हात चर्च आणि जुने रस्ते, आणि संध्याकाळी जमल्यास पुन्हा देऊळ, हा क्रम सर्वांत सोयीचा.

देवळात शिरताना घाई करू नये. पहिला, बाहेरचा दरवाजा नंतरच्या काळातला आहे. त्यामागची केरळांतकन आणि राजराजन ही दोन गोपुरे मात्र राजराजाच्या वेळची. गोपुरे बुटकी आणि गाभाऱ्यावरचे विमान सुमारे 216 फूट उंच, ही रचना आधी नीट पाहून घ्यावी. दक्षिणेतल्या पुढच्या शतकांतील देवळांत हे प्रमाण उलटे झाले आणि बाहेरची गोपुरे आकाशाला भिडू लागली. विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, असे तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. सावली पडते आणि ती सकाळी सहज दिसते. या वास्तूच्या मोठेपणाला अशा चमत्काराची गरज नाही. ज्या सपाट, गाळाच्या मुलखात जवळपास डोंगर नाही, तिथे एवढा ग्रॅनाइट आणून तेरा मजल्यांचे विमान काही वर्षांत उभे करणे, हीच थक्क करणारी गोष्ट आहे.

यानंतर जोत्यावरच्या तमिळ अक्षरांकडे वळावे. ती वाचता आली नाहीत तरी त्यांत काय लिहिले आहे हे माहीत असावे, कारण हे देऊळ म्हणजे दगडावर कोरलेला एक दफ्तरखानाच आहे. राजाने स्वतः दिलेले, त्याच्या थोरल्या बहिणीने, कुंदवैने दिलेले, राण्यांनी दिलेले आणि इतरांनी दिलेले, असे सर्व दान नोंदवण्याची आज्ञा तिथे कोरलेली आहे. अखंड तेवणाऱ्या एका दिव्याच्या तुपासाठी 96 मेंढ्या नेमून दिल्याच्या नोंदी आहेत. देवळाच्या सेवेसाठी निरनिराळ्या गावांतून आणलेल्या 400 नर्तिकांची नावे, त्यांची मूळची देवळे आणि त्यांना दिलेल्या घरांचे ठिकाण यांचीही नोंद आहे. हजार वर्षांपूर्वीच्या राजधानीत कोण राहत होते आणि त्यांची पोटापाण्याची सोय कशी होती, हे इतक्या बारकाईने सांगणारी भिंत भारतात क्वचितच सापडेल. विमानाच्या आतल्या प्रदक्षिणामार्गात चोळकालीन भित्तिचित्रे आहेत. नंतरच्या रंगथराखाली झाकलेली ही चित्रे 1931 मध्ये एस. के. गोविंदस्वामी यांनी उजेडात आणली. तो भाग सर्वांसाठी खुला नसतो, पण तो तिथे आहे हे जाणून वर पाहणे वेगळे असते.

आता तोच मूळ प्रश्न घेऊन अंगणात उभे राहावे. समोरचा प्रचंड एकसंध नंदी आणि त्यावरचा मंडप नायकांचा. सुब्रह्मण्याचे नाजूक कोरीवकामाचे देऊळ तेही नायकांचे. देवीचे देऊळ चोळांनंतरच्या पांड्य काळातले. नैर्ऋत्येकडचे गणपतीचे देऊळ मराठ्यांच्या वेळचे, दुसऱ्या सरफोजीराजांशी जोडलेले. पाच-सहा शतकांत आलेल्या या सर्वांनी राजराजाच्या अंगणात आपापली भर घातली, आणि कोणीही त्याच्या विमानापुढे आपले बांधकाम उंच केले नाही. या संयमाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. जिंकलेल्या शहरात आपली मुद्रा उमटवण्याचा मोह प्रत्येक राजाला असतो. तंजावरच्या राजांनी ती उमटवली, पण जागा ओळखून.

याच अंगणाच्या नैर्ऋत्य भागातल्या ओवरीच्या भिंतीवर मराठी वाचकांसाठी सर्वांत मोलाची गोष्ट आहे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या आज्ञेने 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास इथे मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरला गेला. बाबूराव चिटणीस यांनी तो सिद्ध केला. देशातल्या अतिशय दीर्घ शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. घराण्याच्या पौराणिक वंशावळीपासून मालोजी, शहाजी, शिवाजी महाराज, व्यंकोजी आणि पुढच्या तंजावरच्या राजांपर्यंत कथा येते. इतिहासकार त्यातील प्रत्येक तपशील जसाच्या तसा स्वीकारत नाहीत आणि वाचकांनीही स्वीकारू नये, कारण घराण्याने स्वतःबद्दल सांगितलेला हा इतिहास आहे. पण तो कधी सांगितला, हे ध्यानात घ्यावे. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता, आणि राजाकडे किल्ला, मानमरातब आणि उत्पन्नाचा वाटा एवढेच उरले होते. सत्ता हातातून गेल्यावर चारच वर्षांत या राजाने आपल्या कुळाची आठवण चोळांच्या देवळाच्या दगडात, आपल्या मायबोलीत जपून ठेवली. त्या भिंतीसमोर एक परिच्छेद तरी सावकाश, मोठ्याने वाचावा. भाषा जुनी आहे, जोडाक्षरे अपरिचित आहेत, तरी चार ओळींनंतर अर्थ उलगडू लागतो.

दुपारच्या जेवणानंतर राजवाड्याकडे जावे. नायकांनी तो बांधायला घेतला, मराठ्यांनी वाढवला, आणि आज त्याच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी संग्रहालये आहेत. तिकिटे बहुधा वेगवेगळी काढावी लागतात आणि साप्ताहिक सुट्ट्याही सारख्या नसतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करून घ्यावी. दरबार महालातल्या रंगवलेल्या कमानी मराठा काळच्या आहेत. कलादालनात चोळकालीन ब्राँझच्या मूर्ती आहेत. वेळ थोडा असेल तर बाकीच्या बाजूला ठेवून तिरुवेण्काडूहून आलेला वृषभवाहन शिव तेवढा पाहावा. नंदीच्या पाठीवर टेकवायचा हात तसाच आहे आणि नंदी मात्र नाही, तरी त्या उभे राहण्यात नंदी जाणवतो. हा शिव 1011 च्या सुमारास ओतलेला आहे, म्हणजे सकाळी पाहिलेल्या देवळाच्या पूर्ततेनंतर लगेचच. दगड आणि धातू या दोन्ही माध्यमांत एकाच पिढीने गाठलेली उंची एका दिवसात पाहायला मिळते, हा या शहराचा मोठा लाभ.

सरस्वती महाल ग्रंथालयासाठी मात्र मन ताजे ठेवावे. नायकांच्या काळापासूनच्या या ग्रंथसंग्रहाला दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द 1798–1832) आजचे रूप दिले, आणि 1918 मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी अशा भाषांतील हजारो हस्तलिखिते तिथे आहेत. ताडपत्रे आहेत, कागदी पोथ्या आहेत आणि मोडीतली दरबारी कागदपत्रेही आहेत. मूळ संग्रह अभ्यासकांसाठी असतो. पाहुण्यांसाठी शेजारीच छोटे संग्रहालय आहे, आणि निवडक नमुने तिथे मांडलेले आहेत. खोली लहान असल्यामुळे लोक दहा मिनिटांत बाहेर पडतात. तुम्ही तसे करू नये.

सरफोजीराजांविषयी दोन शब्द इथे आवश्यक आहेत. त्यांचे शिक्षण जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली झाले. राज्यकारभार हातात नसलेल्या या राजाने आपली सारी शक्ती विद्येकडे वळवली. युरोपातून छापील पुस्तके आणि शास्त्रीय उपकरणे मागवली. काशीयात्रेत संस्कृत पोथ्या जमवल्या. ‘धन्वंतरी महाल’ उभारून औषधयोगांची परीक्षा आणि नोंद करवली. डोळ्यांच्या रोग्यांची चित्रांसह टिपणे ठेवली गेली. पाककृतींचा संग्रह, ‘शरभेंद्र पाकशास्त्र’, तयार झाला. राजवाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना चालवला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे इसापच्या गोष्टींचे मराठी रूप ‘बालबोध मुक्तावली’ छापले गेले. बंगालमधल्या श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण 1805 साली निघाले, त्याच काळातली ही गोष्ट आहे. मराठी मुद्रणाचा आरंभ पुण्या-मुंबईत झाला, अशी समजूत असलेल्या वाचकांनी या संग्रहालयात ती सुधारून घ्यावी.

सरफोजींच्या आधीचेही विद्याप्रेम विसरू नये. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (कारकीर्द 1684 पासून) स्वतः तेलुगू आणि मराठीत नाटके रचत, आणि त्यांच्या ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ या नाटकाकडे मराठी नाट्याचा आरंभ शोधणारे अभ्यासक आदराने पाहतात. त्यांनी कुंभकोणमजवळचे तिरुविशनल्लूर गाव 1693 मध्ये विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. पहिल्या तुळजाराजांनी ‘संगीत सारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार बंधूंना सरफोजींचा आश्रय मिळाला, आणि आज भरतनाट्याच्या कार्यक्रमाचा जो क्रम सर्वत्र दिसतो तो त्यांनी बसवला. मराठी कीर्तनाची शैलीही इथे रुजली. तंजावर कृष्ण भागवतरांसारख्या कलावंतांनी एकोणिसाव्या शतकात तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी आणि अभंग हे मराठी साज चढवले. चेन्नईच्या सभागृहात आज एखाद्या हरिकथेत दिंडी ऐकू आली, तर तिची वाट तंजावरहून गेलेली असते.

दुपार उलटली की शिवगंगा तलावाजवळच्या छोट्या किल्ल्यातले चर्च पाहावे. श्वार्ट्झ यांनी 1779 मध्ये बांधलेल्या या चर्चमध्ये इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांनी घडवलेली संगमरवरी पाटी आहे. मरणशय्येवरच्या श्वार्ट्झांचा हात हातात घेऊन सरफोजीराजे उभे आहेत, असे ते शिल्प. हिंदू राजाने आपल्या ख्रिस्ती गुरूसाठी लंडनहून ते घडवून आणले. याच फ्लॅक्समनने कोरलेला सरफोजींचा पुतळा राजवाड्यात आहे, म्हणून ही दोन शिल्पे एकाच दिवशी पाहणे उचित ठरते. चर्च बहुधा बंद असते, पण विचारपूस केल्यास उघडून मिळते.

उरलेल्या तासाभरात राजवाड्याभोवतीच्या राजवीथींतून पायी फिरावे. पश्चिम राजवीथीतल्या बंगारु कामाक्षीच्या देवळाशी संगीतकार श्यामा शास्त्रींचे घराणे पुजारी म्हणून जोडलेले होते. ज्यांना चित्रे आवडतात त्यांनी तंजावर शैलीतले चित्र घडताना पाहावे. फळीवर कापड, त्यावर लेप, उठावाचे काम, सोन्याचा वर्ख आणि खडे, अशा टप्प्यांनी ते पूर्ण होते, आणि या शैलीला बहर आला तो मराठा दरबारात. विकत घ्यायचे असेल तर वर्ख खरा आहे का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. कारागीर त्या प्रश्नाने दुखावत नाहीत.

या दिवसात काय सोडावे, हेही सांगायला हवे. दारासुरमचे ऐरावतेश्वर देऊळ, गंगैकोंडचोळपुरम, त्यागराजांचे तिरुवैयारू, स्वामीमलैचे मूर्तिकार, गोविंदपुरमचे पांडुरंगाचे देऊळ, ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्रम, ही सर्व स्थळे जवळ आहेत आणि सर्वच मोलाची आहेत. पण त्यांतले एकही या दिवसात बसवण्याचा प्रयत्न करू नये. ज्यांच्याजवळ दुसरा दिवस आहे त्यांनी पापनाशमहून उलट दिशेला, कुंभकोणमकडे निघावे. पापनाशम मुक्कामासाठी सोयीचे आहे ते यासाठीच. ज्यांना मुक्कामाला अधिक सुविधा हव्यात त्यांनी कुंभकोणमला राहून पापनाशमवरून जावे. ऋतूचे म्हणाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस जोरात असतो, आणि एप्रिल-मेचे ऊन दिवसभर फिरण्यासारखे नसते.

मराठी वाचकांनी इथे कोणत्या मनाने यावे, याबद्दल एक आग्रह आहे. अभिमान जरूर असावा, पण तो पाहुण्याच्या विनयाने बाळगावा. भोसल्यांनी इथे राज्य केले हे खरे. त्यांनी तमिळ देवळांची देखभाल केली, तेलुगूत कविता केली, संस्कृतात ग्रंथ लिहिले, हेही तितकेच खरे, आणि त्यांचे मोठेपण या दुसऱ्या गोष्टीत अधिक आहे. बृहदीश्वरासह अनेक देवळांच्या विश्वस्तपदाची परंपरा आजही या घराण्याकडे आहे, आणि त्या देवळांत भक्तीची भाषा तमिळ आहे. तंजावर, कुंभकोणम आणि पापनाशमच्या परिसरात जुनी मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्या घरची मराठी तीन शतकांपूर्वी घाटापलीकडून निघाली आणि तमिळच्या सहवासात वाढली. ती ऐकायला मिळाली तर चुका काढू नयेत, कौतुकाने हसूही नये. याच परिसरातून टी. माधवराव (जन्म कुंभकोणम, 1828) यांच्यासारखे प्रशासक निघाले आणि त्यांनी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांची दिवाणगिरी केली. हा समाज आपल्या इतिहासाचा विसरलेला तुकडा आहे असे समजू नये. त्यांनी स्वतःला कधीच विसरलेले नाही. ओळख राखण्याची जबाबदारी आपल्याकडे आहे.

अभ्यासाच्या दृष्टीनेही हे क्षेत्र नव्या वाचकांची वाट पाहत आहे. के. आर. सुब्रमणियन यांनी 1928 मध्ये तंजावरच्या मराठा राजांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. तमिळ विद्यापीठाने मोडी कागदांचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले. म्हणजे आपल्याच लिपीतले कागद वाचून त्यांचा अर्थ लावण्याचे मोठे काम तमिळ भाषकांनी केले आहे, आणि त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी असायला हवे. महाराष्ट्रात मोडी शिकणाऱ्या तरुणांची संख्या वाढते आहे. त्यांच्यातल्या काहींनी तमिळही शिकावी. दोन्ही येणाऱ्या अभ्यासकाला तंजावरच्या दफ्तरात आयुष्यभर पुरेल एवढे काम आहे.

तेव्हा पुढच्या वेळी दक्षिणेच्या यात्रेचा आराखडा कराल तेव्हा रामेश्वराआधीचा एक दिवस मोकळा ठेवा. आदल्या रात्री पापनाशम किंवा कुंभकोणमला मुक्काम करा, पहाटे निघा, पाच ठिकाणांऐवजी तीन पाहा आणि प्रत्येक ठिकाणी दुप्पट वेळ थांबा. घरी परतल्यावर मुलांना सांगा की मराठीचा एक जुना वाडा कावेरीच्या काठी आहे, तिथे आजही माणसे राहतात, आणि त्याचे दार आपल्यासाठी उघडे आहे.